पन्नासची लेन्स आणि थर्माकोलचे हंस

माझा पहिला डिजिटल एसएलआर सेकंडहँड होता आणि शाळेच्या स्नेहसंमेलनांचे फोटो काढून काढून थकला होता. मी पिपरी मेघेत राहणारी, शाळेत भूगोल शिकवणारी बाई. शेवटी जुना कॅमेरा लेन्ससकट देऊन नवीन बॉडी घ्यायचं ठरलं आणि आम्ही नवरा-बायको नागपूरला, सीताबर्डीवरच्या एका दुकानात गेलो.

बॉडी लगेच ठरली. अडलं ते लेन्सवर. आमच्या ऐपतीत एकच बसत होती : साधी झूम, नाहीतर पन्नास एमएमची, झूम नसलेली. दुकानदाराने पन्नासची लावून माझ्या नवऱ्याचाच फोटो काढला. चेहरा लख्ख, मागचं दुकान विरघळून गेलेलं. नवरा पडद्यावरच्या स्वतःकडे बराच वेळ बघत राहिला.

"चांगला आला," तो म्हणाला. "पण झूम नाई म्हणता?"

"नाही. पुढे-मागे आपणच व्हायचं."

"म्हणजे लेन्सचं काम आपण करायचं."

मी पन्नासचीच घेतली. परतीच्या बसमध्ये तो एवढंच बोलला, "मागं सरकता सरकता कुठं पडशील, त मले नको सांगजो."

त्याच महिन्यात आष्टीला माझ्या नणंदेच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता. फोटो अर्थातच मी काढायचे होते. नणंदेच्या यजमानांनी, म्हणजे भाऊजींनी, आठवडाभर खपून बैठकीत स्टेजमागे लावायला थर्माकोलचे दोन मोठे हंस कापले होते. माना एकमेकांकडे वळवलेल्या, पंखांवर चमकी. "एकेक पीस वेगळं कापलं, वहिनी," ते मला हात धुता धुता सांगत होते.

खोलीत उजेड कमी होता, म्हणून मी लेन्स पूर्ण उघडी ठेवली आणि एकेकाचे फोटो काढत सुटले. खरं सांगायचं तर मागचं सगळं पुसट होतंय याचंच मला कौतुक होतं. पंचाईत झाली ती घरच्या सगळ्यांच्या फोटोला. माझी पाठ भिंतीला टेकली तरी फ्रेममध्ये तिघंच मावत होते. मग मंडळींना बाहेर ओट्यावर उभं केलं. मी आधी अंगणात, मग फाटकात, मग रस्त्यावर. तरी दोन्ही टोकांचे काका अर्धेच. शेवटी रस्ता ओलांडून समोरच्या धान्याच्या दुकानात शिरले आणि तुरीच्या पोत्यांना टेकले.

"काय देऊ बाई?" दुकानदाराने विचारलं.

"काही नको. जागा पाहिजे."

त्याने कॅमेऱ्याकडे पाहिलं, समोरच्या ओट्याकडे पाहिलं, आणि उठून सरळ रस्त्यात जाऊन उभा राहिला. बाजाराचा दिवस होता. त्याने एक टेम्पो थांबवला, पाठोपाठच्या सायकली थांबवल्या. म्हैस मात्र थांबली नाही. माझ्या सूचना ओट्यापर्यंत पोचेनात, म्हणून त्या तोच मोठ्याने सांगू लागला, "लाल साडीवाल्या बाई, जरा आत सरका." लाल साडीवाल्या आमच्या नव्या विहीणबाई होत्या. त्या मुकाट्याने सरकल्या. फोटो झाला. डाव्या कोपऱ्यात म्हैस आहे.

पुढे प्रिंट आल्या आणि अल्बम घेऊन आम्ही दोघं आष्टीला गेलो. नणंद खूश होती. विहीणबाईंनी तर स्वतःचा फोटो मोठा करून मागितला होता. भाऊजी चष्मा लावून एकेक पान उलटत होते, पण त्यांचं बोट चेहऱ्यांवर नव्हतं. ते चेहऱ्यांच्या मागे फिरत होतं.

"वहिनी, हे मागं पांढरं पांढरं काय होय?"

"हंस आहे, भाऊजी."

"कोणता?"

"दोन्ही."

त्यांनी पान उलटलं. तिथेही साबणाचा फेस. "त्या दिवशी घरात धुकं त नोतं पडलं," ते म्हणाले.

लेन्स उघडी ठेवली की मागचं पुसट येतं, हे मी समजावून सांगितलं.

"म्हणजे मुद्दाम पुसले."

नवरा माझ्या मदतीला धावला. "तिची चूक नाई, भाऊजी. नागपूरले माझा फोटो काढला, तवा अख्खं दुकान गायब झालं होतं." भाऊजींनी चहा अर्धाच ठेवला.

मला फार ओशाळवाणं झालं. हंस अजून आहेत का, म्हणून नणंदेला हळूच विचारलं. "माळ्यावर आहे," ती म्हणाली. "मले फेकू नाई दिले यांनी."

हंस खाली काढले. एकाची चोच मोडली होती, ती भाऊजींनी डिंकाने चिकटवली आणि वाळेपर्यंत धरून बसले. मग ओट्यावर भर उन्हात दोन्ही हंस मांडले, मध्ये खुर्चीत इस्त्रीचा शर्ट घातलेले भाऊजी. या वेळी लेन्सचं तोंड अगदी बारीक केलं. पीस न् पीस आलं.

तो फोटो त्यांनी मोठा करून, काचेत मढवून बैठकीत लावला. वर्षभराने नणंद फोनवर मला सांगत होती, "पोरीच्या साक्षगंधाचा अल्बम कपाटात आहे, अन् भिंतीवर हे अन् दोन हंस. पाव्हणे विचारतात, हा कायचा कार्यक्रम होता म्हणून."

"मग भाऊजी काय सांगतात?"

"साक्षगंध, म्हणतात."