एक सूर वर

भीमराव ओव्हाळांच्या हाताला कंप सुटला होता आणि ही गोष्ट त्यांनी घरात कुणालाही सांगितली नव्हती. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरू लागले होते. कुणी बघितलंच तर थंडी आहे म्हणायचे, मार्च महिन्यात. चहाचं निभावून गेलं, पण नोटेशनचं काय? पाच रेघांवर काळे ठिपके मांडायचे. ठिपका रेघेवरून जरा घसरला की सूर बदलला. आणि भीमरावांचे ठिपके आताशा वाटेल तिथे पडत होते.

सैन्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवून ते निवृत्त झाले आणि हडपसरच्या विहारातल्या पोरापोरींना जमवून त्यांनी बँड उभा केला. चार क्लॅरिनेट, पाच कॉर्नेट आणि ढोल. जयंतीच्या मिरवणुकीत पुढे हा बँड चालायचा आणि मागे सगळी वस्ती. चालताना वाजवायची ती कूचसुद्धा भीमराव मास्तरांनी स्वतःच बांधलेली. पण जुनी पोरं नोकऱ्यांना लागून पांगली, त्यांचे हाताने लिहिलेले कागद घामाने आणि घड्यांनी फाटले, आणि यंदा नवी पोरं आली ती कोरी. त्यांना कागद हवेत. जयंती समितीचे महिपती एकदा सहज म्हणून घरी आले आणि जाताना चपला घालता घालता म्हणाले, की जमणार नसेल तर मोकळेपणी सांगा, डीजेवाल्याला तारीख कळवायची आहे.

मोकळेपणी! बँड गेला तर भीमराव कोण? पेन्शनर. हडपसरात दगड मारला तर पेन्शनरला लागेल. मास्तर मात्र एकच होता, आणि त्याच्या कानाची ख्याती होती. शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकून ते सूर सांगायचे. हात गेला तर गेला, मास्तरकी कानात असते, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि अभयच्या जुन्या कॉम्प्युटरवरचं भरतकामाचं कापड बाजूला केलं.

हे यंत्र मुलाच्या इंजिनिअरिंगच्या काळातलं. अभय आता आयटी पार्कात होता. तो म्हणाला, "बाबा, तो बॉक्स डेड आहे, मी लॅपटॉप ऑर्डर करतो." पण लॅपटॉप आला असता तर अभय शिकवायला शेजारी बसला असता, आणि शेजारी बसला असता तर हात दिसला असता. भीमरावांनी नको म्हणून सांगितलं. नोटेशनचं एक फुकटचं सॉफ्टवेअर त्यांनी मोबाइलवरचे व्हिडिओ बघून हुडकलं. ते उतरवून घेतलं तर पडद्यावर चौकट आली की तुमची विंडोज जुनी आहे. मग जुन्या विंडोजवर चालणारी जुनी आवृत्ती हुडकली. ती निम्मी इन्स्टॉल झाली आणि कुठलीशी फाइल सापडत नाही म्हणून रुसली. ती फाइल आणली, तर यंत्रच बंद पडलं. पंख्यात इतकी धूळ होती, की ती ब्रशने काढताना सुंदराबाईंनी, म्हणजे भीमरावांच्या पत्नीने, विचारलं, "अहो, गाणं शोधताय की गादी पिंजताय?"

शेवटी एका दुपारी पडद्यावर पाच स्वच्छ रेघा उमटल्या. भीमरावांचे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगा. माउस हलला तरी ठिपका आपला बरोबर रेघेवर जाऊन बसत होता. एवढ्या जुन्या यंत्रातून आवाज मात्र काही केल्या निघेना. नाही तर नाही, म्हणाले. आवाज ऐकायला मास्तरला यंत्र कशाला हवं?

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. क्लॅरिनेट काय, कॉर्नेट काय, ही वाद्यं कागदावर लिहिलेल्या सुरापेक्षा एक सूर खाली बोलतात. म्हणून बँडमास्तर आधीच एक सूर वर चढवून लिहितो. भीमरावांच्या हाताला ती सवय अशी मुरली होती की ते वर चढवून लिहितात हे त्यांना आठवतही नसे. त्यांनी तसंच, चढवलेलं टाइप केलं. आणि सॉफ्टवेअरला वाद्याचं नाव सांगितलं होतं, म्हणून छापताना त्यानेही इमानाने आणखी एक सूर चढवला. संगीत न कळणाऱ्याच्या हातून ही चूक झालीच नसती. झेरॉक्सच्या दुकानातून कागद निघाले ते इतके सुबक, की भीमरावांनी नुसते कौतुकाने पाहिले, वाचले नाहीत. स्वतःचीच चाल कोण वाचतं?

रविवारी विहाराच्या हॉलमध्ये तालीम झाली. नवी पोरं छापलं होतं ते वाजवत होती. वरचे सूर काढताना कॉर्नेटवाल्यांचे ओठ फाटत होते. जुन्यांपैकी एकटी निकिता उरली होती. आता कर्वेनगरला मामाकडे राहून कॉलेज करत होती, तरी रविवारी दोन बस बदलून यायची. तिला कूच तोंडपाठ, त्यामुळे तिने कागद उघडलाच नाही आणि नेहमीसारखी वाजवली. एकदम कालवा झाला. भीमरावांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "विद्वान झालात, आता कागद बघायची गरज नाही आपल्याला?" पोरं हसली. पुढच्या रविवारीही त्यांनी तिलाच थांबवलं, आणि कान घरी ठेवून येत जाऊ नकोस, असंही सुनावलं. त्यानंतर निकिता आली नाही. परीक्षा आहे, असा निरोप आला. तिच्यावाचून क्लॅरिनेटची रांग पोरकी वाजत होती, आणि जयंती तोंडावर आली होती.

मग एका तालमीला सुंदराबाई आल्या. एरवी त्या तिकडे फिरकत नसत, पण मिरवणुकीच्या आधी विहारात वंदना त्याच म्हणायच्या आणि वंदना संपली की त्याच सुरात कूच सुरू व्हायची. त्यांनी वंदना म्हटली, बँड सुरू झाला, आणि त्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "अहो, यंदा वर का चढवलंय?"

भीमरावांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि पहिल्यांदाच वाचला. पहिल्याच ओळीत सगळा उलगडा झाला. आधी अंगाला घाम फुटला आणि मग, लाज वाटते सांगायला, बरं वाटलं. चूक यंत्राची होती. निकिताचीही नव्हती आणि त्यांचीही नव्हती. त्यांनी सगळं एक सूर उतरवून पुन्हा छापून आणलं आणि नवा कागद घेऊन कर्वेनगरला निघाले. स्वारगेटला बस बदलताना काय बोलायचं ते त्यांनी मनात जुळवून ठेवलं.

निकिताच्या मामींनी पाणी दिलं आणि त्या आत गेल्या. भीमरावांनी कागद पुढे केला. "चूक माझ्या कागदात होती, पोरी. त्या सॉफ्टवेअरने एक सूर चढवून छापलं. तुझं बरोबर होतं. सगळ्यांसमोर बोललो, ते चुकलं माझं. रविवारी ये."

निकिताने कागद घेतला, पण पाहिला नाही. "कागद चुकलाय हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, मास्तर."

"मग बोलली का नाहीस?"

तिने कागद उलटा करून मांडीवर ठेवला. त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, "दुसऱ्या रविवारी मी कागदावरचंच वाजवत होते. सगळ्यांसारखं. सेम. तरी तुम्ही मलाच थांबवलंत."

भीमरावांना आधी त्याचा अर्थच लागेना. मग लागला: फरक नव्हताच, तो त्यांच्या कानाने ऐकला होता. हातातलं पाणी सांडायला लागलं तसा तिने पेला त्यांच्या हातातून काढून घेतला. घेताना हाताकडे पाहिलं नाही. हेही तिला ठाऊक होतं तर.

"कुणाला सांगितलंस?"

"फक्त सुंदराकाकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, तू यायचं थांब, मी बघते."

परतीच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली. खिडकीतून हॉर्न येत होते, कंडक्टर ओरडत होता, सगळं नीट ऐकू येत होतं. त्यातलं वर काय आणि खाली काय, ते मात्र ते लावायला गेले नाहीत.

सुंदराबाई मेथी निवडत बसल्या होत्या. येते म्हणाली का, असं त्यांनी विचारलं. भीमराव समोर खाली बसले.

"सुंदरा, तुला कधीपासून माहीत आहे?"

त्यांनी मान वर केली नाही. एक जुडी संपवली, दुसरी घेतली.

"मागच्या जयंतीला वंदनेआधी तुम्ही पोरांना कूचचा सूर खालचा दिला होता," त्या म्हणाल्या. "मीच वंदना खाली उतरवली. कुणाला कळलं नाही."