कोरडा चालवलेला पंप

आमच्या धाकटीचा नवरा पंप दुरुस्त करायचा. त्याचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं, सगळे पंपवालाच म्हणायचे, आणि मोठी मेहुणी असून मीही तेच म्हणायचे. दुकान म्हणजे एक शटर, आत ग्रीसने काळंकुट्ट झालेलं टेबल आणि खाली उघडून ठेवलेल्या मोटारी. एरवी तोंडातून शब्द काढायला पैसे पडतात की काय असा माणूस, पण बिघडलेला पंप समोर आला की कंठ फुटायचा. पंपाला कान लावायचा आणि सांगायचा, कोरडा चालवलाय हा. टाकीत पाणी नसताना चालू ठेवला की आतलं सील जळतं आणि सगळं जाम होतं. गिऱ्हाईक कानावर हात ठेवायचं. मग हा पंप उघडून जळकं सील गुपचूप त्याच्या हातावर ठेवायचा.

धाकटी मला म्हणायची, "माझ्या छातीला कधी एवढा कान लावला नाही बघ यांनी," आणि खो खो हसायची. पुढे त्याच छातीत गाठ निघाली.

केमो सुरू झाली. केस गेले, तोंड आलं, पायऱ्या चढताना धाप लागायला लागली, पण गाठ मात्र विरत गेली. आमच्या जिवात जीव आला. पंपवाला तर दुकानात चक्क गुणगुणताना सापडला. आणि मग मेली ती गाठ परत वाढायला लागली. औषध तेच, डोस तोच, पण ती जुमानेचना.

डॉक्टरीणबाई समजावून सांगणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या की औषधाने बहुतेक पेशी मेल्या, पण थोड्या चिवट होत्या त्या उरल्या, आणि आताची गाठ त्या चिवटांचीच पिलावळ आहे. त्यांच्या अंगावर बारीक बारीक पंप असतात. औषध आत शिरलं, की मारायच्या आत ते पंप त्याला बाहेर फेकतात.

इतका वेळ मान खाली घालून बसलेला आमचा माणूस एकदम ताठ झाला. "मग तो पंप बंद पाडा की," तो म्हणाला.

बाई म्हणाल्या, लोकांनी तेही करून पाहिलंय. पण तसलेच पंप यकृतात, मूत्रपिंडात, मेंदूतही असतात, आणि तिथे ते आपलं रक्षण करतात. सगळेच बंद पडले तर माणसाचाच जीव धोक्यात येतो. त्यापेक्षा दुसरं औषध देऊ, हे पंप त्याला उचलत नाहीत. फक्त ते मूत्रपिंडाला जड जातं, तेव्हा अंगात जरा ताकद येऊ दे, पाणी भरपूर प्या आणि मग या. पाण्याचं त्या दारापर्यंत येऊन पुन्हा बोलल्या. मी ऐकलं, धाकटीनेही ऐकलं. हा आपला पंपातच अडकलेला.

नव्या औषधाच्या आदल्या आठवड्यात धाकटी चक्कर येऊन पडली. मी धावत दवाखान्यात पोचले. ओठ फुटलेले, जीभ टाळूला चिकटलेली. मूत्रपिंडांनी मान टाकली होती. पाणी कुणी बंद केलं, असं बाईंनी विचारलं. पंपवाल्याने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी धाकटीच बोलली. "कुणी नाही हो. मला तहानच लागत नव्हती."

बाहेर पॅसेजमध्ये त्याने मला सांगून टाकलं. वाटीने मोजून पाणी देत होता तिला. "ताई, वाटलं, कोरडे चालले की जळतील ते पंप."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अक्कल कुठे गहाण ठेवली होतीस, म्हणून मी भर दवाखान्यात त्याला सोलून काढला. लोक बघत राहिले. तो नुसता शर्टाला बोटं पुसत होता, खरं तर त्यांना काहीच लागलेलं नव्हतं.

सलाईनने मूत्रपिंडं थोडी सावरली, पण ते औषध झेपेल इतकी नाही. डॉक्टरीणबाईंनी त्याला जवळ बसवून सांगितलं की त्या पेशी कदाचित नव्या औषधालाही पुरून उरल्या असत्या, खात्रीने कुणीच सांगू शकत नाही. त्याने त्यातलं एक अक्षर धरलं नाही. त्याने धरलं ते धाकटीचं वाक्य. तहान नव्हती तिला. असती तर मागितलं असतंच की, आपल्या माणसाकडे कसली लाज.

शेवटी शेवटी मी चमच्याने तिला पाणी पाजत होते. तो औषधं आणायला गेला होता. ती म्हणाली, "ताई, फरशी पुसायची बादली भरताना बघितली ना, तरी जीव तुटायचा गं. त्यांना नको सांगूस."

ती गेल्याला आता बरेच दिवस झाले. दुकान उघडं असतं, हा आत बसलेला असतो. येणारे पंप तसेच पडून राहतात. मी डबा घेऊन जाते. दोन घास खातो, मग मान वर न करता विचारतो, "ताई, तहान नव्हती ना तिला?"

माझी जीभ तिखट आहे, सगळ्या घराला माहीत आहे.

"नव्हती रे," मी म्हणते. "जेव तू."