फोन तुटला त्या दिवशीची लाईन

मी कागदपत्रं लिहिते. कोर्टाची नव्हे. संगणकाची नवी साधनं कशी वापरायची ते लिहून देते; कोल्हापुरात घरी बसून, पुण्यातल्या कंपनीसाठी. शेजारच्या काकू अजून विचारतात, "नेमकं काय करतीस गं दिवसभर?" आणि मी दरवेळी वैतागते, कारण धड सांगता येत नाही.

सध्याचं साधन असं. एआय एजंट, म्हणजे सोपवलेलं काम आपल्या अकलेनं पार पाडणारा प्रोग्राम, इथं बसून लांबच्या मशीनला हुकूम सोडतो आणि ते मशीन तो चालवतं. हुकूम कसा द्यायचा, उत्तर काय येतं, सगळं लिहून झालं. अडलं एका ओळीवर. उत्तर आलंच नाही तर? मी लिहिलं, "काम झालं असं धरू नये. आधी विचारावं, कळेपर्यंत थांबावं."

टीमचा प्रमुख माझ्यापेक्षा बराच लहान. म्हणाला, "मॅडम, ही ओळ काढा. एजंट उगाच ताटकळतो. थोडा वेळ वाट बघून, झालं समजून पुढचा हुकूम द्या, असं लिहा." माझं डोकंच फिरलं. पूर्वी माझं लिखाण माणसं वाचायची, निम्मं सोडून द्यायची आणि स्वतःचं डोकं चालवायची. आता वाचणारा एजंटच. मी लिहीन तेच तो करणार, आणि पलीकडच्या मशीनवर कुणाचं काय चाललंय, याचं त्याला काय सोयरसुतक? लॅपटॉप मिटला आणि थेट गडहिंग्लजकडचं आमचं सबस्टेशन आठवलं.

आप्पा, माझे वडील, तिथं ऑपरेटर होते. आमचं क्वार्टर त्याला लागूनच. ट्रान्सफॉर्मरची घरघर ऐकतच आम्ही भावंडं झोपायचो. सुट्टीत मामाकडं गेलं की तिथल्या शांततेनं मला झोप यायची नाही. त्या घरघरीसाठी आजही जीव तुटतो, खोटं कशाला बोलू.

तिथली रीत ठरलेली. वायरमनला खांबावर चढायचं असलं की तो आप्पांकडून लाईन बंद करून घ्यायचा. आप्पा त्याचं बोलणं वहीत लिहायचे आणि लिहिलेलं त्याला वाचून दाखवायचे. काम संपलं की ज्यानं बंद करून घेतली, त्यानंच स्वतःच्या तोंडानं 'लाईन सोडा' म्हणायचं. तेही आधी वहीत उतरायचं, मग हात लाईन चालू करायच्या हँडलकडं जायचा. दुसऱ्या कुणाचं, अगदी साहेबाचंही, चालायचं नाही.

एकदा उन्हाळ्यात वायरमन सकाळी लाईन बंद करून गेला. दुपारी फोन वाजला. "आप्पा, मी बोलतोय," एवढंच ऐकू आलं आणि फोन तुटला. पुन्हा लागेना. तोवर शेतकरी गोळा झालेले. ऊस वाळत होता, मोटारी बंद. सगळ्यांनी घंटी ऐकलेली. "फोन आला न्हवं? मग सोड की लाईन!" आप्पा म्हणाले, "फोन आलाय, निरोप न्हाय आला." मग लोकांनी आप्पांना जी लाखोली वाहिली, ती आम्ही पोरांनी खिडकीतून ऐकली. आई रडत होती. आप्पा खुर्चीतून हलले नाहीत.

दिवस कलताना वायरमन कुणाच्या तरी फटफटीवरून स्वतःच आला. पुढच्या खांबावरची चिमणी, म्हणजे तार बसवायचा चिनी मातीचा इन्सुलेटर, फुटलेली निघाली, अजून दोन तास लागतील, हे सांगायला त्यानं गावातल्या दुकानातून फोन केलेला. फोन तुटल्यावर आप्पा लाईन सोडणार नाहीत या भरवशावर तो परत वर चढला होता. ते ऐकून शिव्या देणारे एकेक करून पांगले. आमच्या घरात आप्पा तेव्हापासून देवमाणूसच.

लॅपटॉप मिटला त्याच संध्याकाळी चहा देताना ओळीवरून झालेलं सगळं आप्पांना अभिमानानं सांगितलं. "तुमच्यामुळंच लिहिली बघा ती ओळ." आता ते ऐंशीच्या घरात आहेत.

"तू समजतीस तसं न्हाय गं ते," म्हणाले. "हात घातलता मी हँडलवर. मलाबी वाटलं, फोन आलाय म्हंजे झालंच असणार काम. त्यात लोकांचा कालवा."

"मग थांबला कसं?"

"वहीत लिवायचं राहिलंय म्हणून मागं फिरलो. पेन घेतलं. काय बोलला ते लिवायचं, तर लिवायला कायच नव्हतं. मग कुठं म्हणालो, निरोप न्हाय आला." त्यांनी कप खाली ठेवला. "तवा तो खांबावर होता, पोरी. अजून दर दिवाळीला येतोय. पाया पडतोय माझ्या. त्याला सांगू नकोस."

"न्हाय सांगत," मी म्हणाले, आणि रडू आवरायला आत गेले.

मग प्रमुखाला कळवलं की ओळ राहणार. शिवाय खाली आणखी एक जोडली: 'आलेलं उत्तर जसंच्या तसं नोंदवल्याशिवाय पुढचा हुकूम देऊ नये.' त्यानं कारण विचारलं. मी सांगितलं नाही.