पायपेटी निघाली अंदमानला

जळगाव स्टेशनच्या मालधक्क्यावर वजन करणारा एक गृहस्थ होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कुठलंही खोकं आलं की तो आधी त्यावर टकटक करी, कान लावी आणि मगच ते काट्यावर घेई.

यांची बदली अंदमानला झाली, तेव्हा मी माझी लाडकी पायपेटी शालूत गुंडाळून उघड्या खोक्यात ठेवली आणि खोक्यावर लाल अक्षरांत ‘अतिशय मौल्यवान’ लिहून तिथे नेली. वय वीस, अक्कल अजून माहेरीच.

“बाई, हाई पेटी शे का नवरी?” तो म्हणाला. “हाई वाचीसन चोर खूश व्हई!”

त्याने शालू परत दिला, मालगाडीचं स्वस्त भाडं सुचवलं, जवळच्या असोद्याहून केळीची वाळलेली पानं मागवली आणि पेटीभोवती खोक्यात ठासून भरली. मग सगळं खोकं हातगाडीवरून सरळ खाली ढकललं.

“मेल्या!” मी धक्काभर ऐकू जाईल असं ओरडले.

“बोटवरला हमाल यापेक्षा हाळू ठेवाव नही,” तो शांतपणे म्हणाला. खोकं उघडून त्याने मला पेटी वाजवायला लावली. सगळे सूर जागेवर होते. तेव्हा कुठे त्याने झाकणावर खिळे ठोकले.

पेटी कलकत्त्याहून बोटीने सुखरूप पोचली. वाटेत फुटली ती फक्त लोणच्याची बरणी, जी मी कुणाच्याही हाती न देता मांडीवर घेऊन गेले होते.