खंडेनवमीच्या दिवशी चालू राहिलेले यंत्र

तो प्रसंग मी आजही विसरलेलो नाही, कारण त्या तपासात सर्वांत मोठी चूक माझी होती. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. फलटण तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. आपल्याला माणूस बघताक्षणी कळतो, असा एक माज तोवर अंगात भिनला होता. एका बाईंनी तो उतरवला.

आमच्या भागात उसाची तोड लागणीच्या, म्हणजे ऊस लावल्याच्या, तारखेप्रमाणे होते. ज्याची लागण आधी, त्याचा ऊस आधी तुटतो. कारखान्याच्या गट कार्यालयात कॉम्प्युटरवर या तारखांची नोंद असते आणि त्यावरूनच तोडीचा क्रम ठरतो. नंबर मागे पडला तर ऊस उभ्या रानात वाळतो, त्याला तुरा येतो आणि वर्षभराची मेहनत डोळ्यांदेखत घटत जाते. त्या वर्षी दिवाळीनंतर क्रमाची यादी फळ्यावर लागली आणि गावात भडका उडाला. तीसेक प्लॉटच्या तारखा बदलल्या होत्या. शंभरभर शेतकऱ्यांनी कार्यालयाला गराडा घातला. आम्ही पोहोचलो तेव्हा तिथली ऑपरेटर आतून कडी लावून बसली होती आणि बाहेरून दारावर लाथा बसत होत्या.

या बाई तिशीच्या. नवरा सैन्यात, सीमेवर. घरी सासू आणि दोन लहान मुली. नोंदीचा पासवर्ड एकट्या त्यांच्याकडे, त्यामुळे संशयही त्यांच्यावरच. लेखी फिर्याद आली आणि मी गुन्हा दाखल केला.

दुसऱ्या दिवशी ठाण्याचा प्रिंटर बिघडला म्हणून आमचा नेहमीचा दुरुस्तीवाला आला. फलटणला त्याचं दुकान होतं. गोड बोलायचा, चहाचे पैसेही देऊ द्यायचा नाही. ठाण्याचा कॉम्प्युटर तोच बघायचा आणि त्या गट कार्यालयाचाही. प्रिंटरचं झाकण उघडता उघडता तो म्हणाला, "साहेब, त्या बाई मशीनमधनं काहीतरी सारखं काढत असतात. पुरावा हाय तवर जावा. मागनं काय हाती लागायचं न्हाई."

मी तडक गट कार्यालयाकडे निघालो. सोबत महिला हवालदार आणि दोन पंच. यंत्रातल्या नोंदी उघडल्या तर खबर खरी निघाली. एक प्रोग्राम तीन महिन्यांत सहा वेळा काढून टाकलेला होता. खबर खरी निघाली याचाच मला इतका आनंद झाला, की ती देणारा कोण, हा प्रश्न मनात आलाच नाही.

"हे सहा वेळा कशासाठी काढलं?" मी विचारलं.

"साहेब, ते आमचं न्हाईच. मी कधी घातलंच न्हाई. काढलं की जातंय, आन् मशीन बंद करून चालू केलं की परत येऊन बसतंय."

"काढलेलं परत कसं येईल?"

"ते मला ठावं असतं तर सहा वेळा काढलं असतं का?"

हे उत्तर मला उद्धटपणाचं वाटलं. ठाण्यात आल्यावर मी दुरुस्तीवाल्यालाच विचारलं. तो हसला. "कॉम्प्युटरला काय पाय असत्यात व्हय साहेब? काढलेलं परत येत नसतंय." झालं! मी केस डायरीत लिहिलं, 'संशयित महिला उडवाउडवीची उत्तरे देते. पुरावा नष्ट करण्याचा वारंवार प्रयत्न केल्याचे दिसते.' बदललेल्या प्लॉटमध्ये बाईंच्या सासऱ्यांच्या नावावरचा प्लॉटही होता आणि तोही मागे ढकललेला होता. त्याचाही अर्थ मी माझ्या सोयीने लावला. म्हटलं, बाई हुशार आहे, संशय येऊ नये म्हणून घरचाच ऊस मागे टाकला.

कारखान्याने त्यांना कामावरून थांबवलं. पुढच्या चौकशीला मी घरी गेलो तेव्हा सासूबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. "आवं सायेब, पोरीला नळावर पानी भरू देईनात बाया. ल्योक तिकडं बंदूक घिऊन हुबा हाय. त्येला काय सांगू? तुजी बायकू चोर हाय म्हनून?" मी म्हणालो, कायद्याचं काम आहे, करू द्या. त्या बाजूला झाल्या, पण नजर हलवली नाही. त्या नजरेपुढे मला पहिल्यांदा अवघडल्यासारखं झालं.

साताऱ्याहून सायबर शाखेची तरुण महिला अंमलदार सोबत आली होती. कोणता बदल कधी झाला, याची छापील यादी तिने आणली होती. मी ती बाईंपुढे धरली. आज कबुली घ्यायची आणि संध्याकाळी अटक करायची, हे मी ठरवूनच गेलो होतो. त्यांचं बोट यादीवरून खाली सरकलं आणि एका ओळीवर थांबलं.

"साहेब, ही तारीख खंडेनवमीची हाय."

"मग?"

"खंडेनवमीला मशीनला हात कोण लावतं? पूजा केल्ती की."

मला आमचं ठाणं आठवलं. आमच्या ठाण्यातही त्या दिवशी रायफली, जीप, वायरलेस, कॉम्प्युटर, सगळं हळदकुंकू लावून मांडलेलं असतं. पूजेतली वस्तू त्या दिवशी कुणी वापरत नाही, मीही नाही. बाईंनी मोबाईलमधला कार्यालयाचा फोटो दाखवला. वेळ सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. कर्मचारी ओळीने उभे, मध्ये यंत्र, कीबोर्डवर झेंडूचा हार आणि हारात नारळ. यादीप्रमाणे अकरा ते साडेअकरा या वेळात नऊ प्लॉटच्या तारखा बदलल्या होत्या. नारळाखालच्या कीबोर्डवरून त्या कोण बदलणार?

अंमलदाराने फोटो मोठा केला. पडदा काळा होता, पण खालच्या डब्यावर कुंकवाच्या बोटाशेजारी बारीक निळा दिवा लागलेला होता. "ताई, मशीन बंद कसं केलं होतं?" तिने विचारलं.

"पडद्याचं बटण दाबून. रोज तसंच करते. सांगितल्यालं तसंच."

"कुणी सांगितलं?"

"दुरुस्तीवाल्यांनी. म्हणाले, सारखं बंद-चालू केलं की मशीन खराब होतंय. ते परत येणारं काढायलाबी त्यांनाच बोलवायची. त्यांनी काढलं तरी येतंय, म्हणून शेवटी त्यांनाच म्हणलं, मी आता कारखान्यात अर्जच देते."

अर्ज देते म्हणाल्या आणि चार दिवसांत यादी फळ्यावर लागली. पासवर्ड त्यांचा, त्यामुळे सगळा आळ त्यांच्यावर जाणार हे दुरुस्तीवाल्याला ठाऊक होतं, म्हणून अर्ज जायच्या आतच त्याने मला खबर दिली. खबर देणारा तो, तज्ज्ञ म्हणून सल्ला देणारा तो आणि बाईंविरुद्धचं प्रत्येक पान त्याच्या शब्दावर लिहिणारा मी!

अंमलदाराने मला समजावलं. तो प्रोग्राम दुरून यंत्र चालवण्याचा होता. बाई फक्त पडदा बंद करायच्या, त्यामुळे खालचं यंत्र त्यांच्या पासवर्डने उघडंच राहायचं. त्याचा एक भाग दिसतो, तोच काढता येतो. दुसरा लपलेला असतो, एखाद्या राखणदारासारखा. तो दर थोड्या वेळाने बघतो आणि पहिला जागेवर नसेल तर पुन्हा आणून बसवतो. आधी राखणदार थांबवल्याशिवाय काहीच निघत नाही. त्या लपलेल्या भागाचं नाव तिने कागदावर लिहून दिलं. ठाण्यात येऊन आम्ही आमच्या यंत्रात शोधलं. तिथेही तो बसलेला होता. बाईंचे जबाब आमचा मदतनीस त्याच यंत्रावर टाईप करायचा. म्हणजे तपासाचं पान न् पान तो माणूस दुकानात बसून वाचत होता.

तेव्हापासून मी सगळं हाताने लिहिलं. आधी गट कार्यालयातल्या यंत्राची पंचांसमक्ष नक्कल काढून सील केली. मग ठाण्याच्या यंत्रावर मुद्दाम एका पत्राचा मसुदा टाईप करायला लावला, 'उद्या सकाळी गट कार्यालयातील यंत्र ताब्यात घेऊन तपासणीस पाठवणे.' साध्या वेशातले दोन अंमलदार त्याच्या दुकानासमोर उभे केले आणि आम्ही गट कार्यालयात यंत्र चालू ठेवून बसलो. मी, अंमलदार, महिला हवालदार, दोन पंच आणि त्या बाई. सगळ्यांचे हात मांडीवर.

अडीच वाजले, तीन वाजले. काही नाही. एक पंच खोकला तरी मला राग येत होता. मसुद्यावर त्याची नजर गेली नसेल तर? गेली असून त्याला डाव कळला असेल तर? तसं झालं तर या बाईंवरचा डाग मीही पुसू शकणार नव्हतो. बाई मात्र पडद्याकडे एकटक बघत होत्या.

पावणेचारला पडद्यावरचा बाण हलला. माउसला कुणाचाही हात नव्हता. हवालदार बाईंनी तोंडावर पदर घ्यावा तसा हात घेतला. बाण शांतपणे सरकला, कुठली तरी यादी उघडली, राखणदार शोधला आणि थांबवला. बाईंना तीन महिन्यांत जे जमलं नाही, ते तो दोन मिनिटांत करत होता. 'हा प्रोग्राम खरोखर काढून टाकायचा आहे का?' अशा अर्थाचा प्रश्न पडद्यावर आला. मी फोनवर एकच शब्द बोललो, "आत्ता."

बाण 'होय'पाशी पोहोचला आणि तिथेच थांबला. दुकानात माझ्या माणसांनी त्याचा हात माउसवरच धरला होता.

सासरवाडीच्या आठ-दहा जणांचा ऊस पुढे काढण्यासाठी त्याने हे केलं होतं. कबुली द्यायला त्याला अर्धा तास लागला. मी जिला आठवडाभर पिळलं, तिच्याकडे मात्र कबूल करण्यासारखं काहीच नव्हतं.

क्रमाची यादी दुरुस्त झाली, बाई कामावर परतल्या. मी त्यांच्या घरी जाऊन सासूबाईंसमोर हात जोडले आणि म्हणालो, चूक माझी झाली. केस डायरीत काय लिहिलं होतं, तेही सांगितलं. सासूबाईंनी चहा ठेवला. चहाचा कप बाईंनी माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाल्या, "साहेब, तुमी पयल्यांदा माझ्याबद्दल लिवलेलं हाय, उडवाउडवी करते म्हणून. ते आता काढता येतंय का?"

मी खरं ते सांगितलं. केस डायरीतलं पान काढता येत नाही. त्याखाली पुढचं लिहिता येतं, तेवढंच.

"मग ते लिवा," त्या म्हणाल्या.

मी त्याच संध्याकाळी स्वतःच्या हाताने लिहिलं, की सदर महिला पहिल्या दिवसापासून खरे बोलत होती आणि तपासी अधिकाऱ्याने ते ऐकले नाही. खाली सही केली. बत्तीस वर्षांच्या नोकरीत स्वतःविरुद्ध लिहिलेलं माझं ते एकमेव वाक्य. खबर देणाऱ्याची चौकशी आधी करावी आणि "परत येतंय" असं कुणी सहा वेळा सांगत असेल तर एकदा तरी बघायला जावं, एवढं मी त्यातून शिकलो. पण माझं पहिलं वाक्यही त्या फायलीत तसंच आहे आणि ते काढण्याचा कुठलाही मार्ग मला सापडलेला नाही.