राखून ठेवलेला खिळा

दुपारचं जेवण उरकून अक्काताई सोप्यातल्या बाकड्यावर कलंडते. झोपायचं म्हणून नव्हे, नुसती पाठ टेकायला. कोल्हापूरहून आलेल्या विलासला, आपल्या एकुलत्या एका लेकाला, तिनं ताट वाढलं आहे, पण त्याच्याशी शब्दही बोललेली नाही. तो बाहेर अंगणात बसला आहे. बसू दे.

डोळ्यांवर झापड येते. पंख्याची घरघर लांब लांब जाते आणि मागच्या परड्यातून हातोडीचा आवाज येतो. ठक, ठक, मग जरा थांबून एक हलका ठक. हा शेवटचा हलका ठोका जगात एकट्या श्रीपतीचा. खिळा बसला की शाबासकी दिल्यासारखा तो एक ठोका वरून द्यायचाच.

श्रीपती, तिचा नवरा, उन्हाळा सरता सरता गेला. हे अक्काताईला झोपेतही पक्कं ठाऊक आहे. तरी ती उठते, कारण त्याला एक गोष्ट विचारायची राहिली आहे आणि ती विचारल्याशिवाय तिला घास गोड लागत नाही.

श्रीपतीचा कारभार म्हणजे आपला हात जगन्नाथ. ती आत्ता पडली आहे ते बाकडं त्यानं केलेलं. स्वयंपाकघरातली भांड्यांची मांडणी त्याची, न्हाणीचं पाणी केळीला नेणारा पाट त्याचा, परड्यातला दोडक्याचा मांडवही त्याचाच. गावात सुतार होता, गवंडी होता, पण या घरात ते यायचे फक्त चहा प्यायला. खोड एकच. श्रीपतीचं कुठलंही काम कधी पुरं झालं नाही. मांडणीला एक खिळा कमी, पाटाचं शेवटचं टोक कच्चं, परड्याच्या दाराचा कोयंडा एकाच खिळ्यावर लोंबकळणारा. अक्काताईनं कितीही तोंड सोडलं तरी त्याचं ठरलेलं उत्तर असायचं, "एक मोळा राखावा माणसानं. समदं पुरं झालं की देव म्हणतोय, झालं न्हवं तुझं काम? चल मग."

आणि यंदाच्या उन्हाळ्यात हा गडी अचानक एकेक काम पुरं करायला लागला. मांडणी पक्की झाली, पाटाला सिमेंट लागलं. अक्काताईला वाटलं, इतक्या वर्षांच्या बडबडीला अखेर फळ आलं. शेजारणींना तिनं हसून हसून सांगितलं. देवीला नारळ फोडला. सगळ्यांत शेवटी त्यानं कोयंड्याला दुसरा खिळा ठोकला, म्हणाला, "आता काय म्हणून ऱ्हायलं न्हाई," आणि दुसऱ्याच दिवशी त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. तो परत आला नाही.

दिवस घातल्यावर तिची जाऊ शेवंता रडता रडता बोलून गेली. "भावजींनी लई सोसलं. पोटातल्या गाठीचं तुमास्नी कळू द्याचं न्हाई म्हणून आमाला समद्यांस्नी शपत घातली हुती."

अक्काताई परड्याचं दार ढकलते. पुढे परडं नाही, दवाखान्याचा लांबलचक बोळ आहे, आणि त्याच्या छताला दोडके लोंबत आहेत. ती बाकावर बसते. मांडीवर पिशवी आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पहिल्यांदा तपासायला आले, त्या दिवशीही अशीच होती. "पिशवी संभाळ," म्हणून श्रीपती तिला बाहेर बसवून विलासला घेऊन डॉक्टरांकडे गेला होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "पित्त हाय." विलास खाली आपल्या चपलांकडे बघत होता. तिला वाटलं, नव्या चपला चावत असतील पोराला.

या खेपेला ती पिशवी बाकावर टाकते आणि उठते. बोळाच्या टोकाला डॉक्टरांच्या खोलीचं दार आहे, पण जवळ गेल्यावर ते तिच्याच परड्याचं दार निघतं. पलीकडे ऊन आहे आणि उन्हात श्रीपती उकिडवा बसून कोयंडा ठोकतो आहे. अंगात तोच कॉलर उसवलेला सदरा.

"आलीस?" तो मान वर न करता म्हणतो. "जरा ती पक्कड दे."

पक्कड तिच्या हातात आहेच. ती देत नाही.

"पित्त हुतं व्हय तुमास्नी?"

हातोडी थांबते.

"पित्त पण हुतं की."

"थट्टा नगं! विलासला ठावं, शेवंताला ठावं. जिनं तुमच्यासंगं जल्म काढला तिलाच तेवढं न्हाई. फसवलंसा मला."

"तुला सांगितलं असतं तर एक तरी मोळा ठोकू दिला असतास मला?"

"न्हाई. हातरुणावरनं उठू दिलं नसतं."

"मग मांडणी कुणी केली असती?"

"पडली असती मांडणी! भुईवर ठेवली असती भांडी मी."

एसटी हलते. दोघं शेजारी बसले आहेत, श्रीपतीच्या मांडीवर हातोडी आहे. ही दवाखान्यातून परतीची गाडी. त्या दिवशी पित्त म्हटल्यावर अक्काताईच्या जिवाचा घोर गेला होता आणि ती त्याच्या खांद्यावर डोकं टाकून गाव येईपर्यंत गाढ झोपली होती. तो जागा होता. काय कळलंय ते एकटाच घेऊन, तिची झोप मोडू नये म्हणून खांदा न हलवता. हे तिला आत्ता दिसतं आणि तिचा राग कमी होत नाही, वाढतोच.

"उन्हाचं मी तुमास्नी मांडवाचं बांबू उचलाय लावलं," ती म्हणते. "हात चालवा जरा, म्हटलं. देवीला नारळ फोडला मी. कशापायी काम पुरं करतासा ते तुमास्नी ठावं हुतं. आन त्यातलं खोबरं तुमी बसून खाल्लंसा!"

"ग्वाड हुतं," श्रीपती म्हणतो.

"मला तुमच्याजवळ बसायचं हुतं. काम नगं, काय नगं, नुसतं बसायचं हुतं. ते दीस तुमी माझ्याकडनं चोरलंसा."

जिवंतपणीही अशा वेळी तो हत्यारं आवरायला घ्यायचा. आताही घेतो. एसटीच्या खिडकीत परड्याचं दार येऊन थांबतं, मग खिडकी नाही, नुसतं दार आणि दारापुढे दोघं.

"काढा," अक्काताई म्हणते.

"काय?"

"ह्यो कोयंड्याचा मोळा. मागनं ठोकलेला."

तो पहिल्यांदाच तिच्याकडे बघतो. "बैल गेल्यावर लोक झोपा करत्यात. तू केलेला मोडाय सांगतीस."

"सांगती. काढा."

ती पक्कड पुढे करते. श्रीपती खिळा धरतो, हलके हलके फिरवत, वाकडा न करता ओढतो. खिळा काढावा तर त्यानंच. तो तिच्या तळहातावर ठेवतो आणि तिची बोटं एकेक करून मिटवतो. त्याचा हात कामावरून उठल्यासारखा ऊन ऊन आहे.

"आता काम ऱ्हायलं तुमचं," अक्काताई मुठीकडे बघत म्हणते. "आता कसं जातासा बगती."

ती मान वर करते. मांडवावर दोडक्याची पानं हलत आहेत. खाली कुणी नाही. पुन्हा न सांगता गेला.

पंखा घरघरतो. अक्काताई बाकड्यावर उठून बसते. उजवी मूठ इतकी आवळलेली की बोटं उघडत नाहीत. डाव्या हातानं ती सोडवते. तळहातावर खिळा आहे, लांब, सरळ, आणि त्याच्या डोक्याचा गोल वण कातडीत उठला आहे. मागे वाऱ्यानं परड्याचं दार आपटतं.

विलास परड्याकडून आत येतो. चपला हातात धरून उंबऱ्याशीच थांबतो.

"आई, कोयंडा लोंबकळायलाय. एक मोळा निसटलाय, कुठं पडला गावंना. दुसरा ठोकून देऊ?"

"हात लावू नगंस." महिन्याभरात ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलते. "ते तुझ्या बाचं काम हाय. ऱ्हाऊ दे तसंच."

विलास खाली बघतो.

"चपला ठेव," ती म्हणते. बाकड्यावर जरा सरकते, त्याच्यापुरती जागा करते आणि खिळा पुन्हा मुठीत घेते. "हितं बस माझ्याजवळ. आन त्या दिशी आत डाक्टर काय म्हणाला, ते पयल्यापास्नं सांग."