खरवडलेले नंबर

आजारी माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं माझी बायको म्हणते. मी बोलणार आहे. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या बसस्टँडमागे माझं झेरॉक्सचं दुकान आणि त्याला लागूनच अश्वजितचं. त्यामुळे सांगतो ते ऐकीव नाही.

अश्वजित सीएनसी मशीन दुरुस्त करायचा. कंप्युटरवर नक्षी काढायची आणि मशीननं ती लाकडात कोरायची, असली छोटी घरगुती मशीनं आता आमच्याकडेही बरीच झाली आहेत. दरवाजाची फळी, नावाची पाटी, जाळी, सगळं त्यावर निघतं. पण मशीन मध्येच बिनसतं. अर्धी नक्षी झाली की बोटभर सरकतं आणि पुढचं सगळं वाकडं कोरत सुटतं. मग मालक अश्वजितला बोलवायचा. हा मोटरला कान लावायचा, वायरी चाचपत जायचा आणि बरोबर जागेवर बोट ठेवायचा. कुठे अर्थिंगच नसायचं, कुठे सॉफ्टवेअरमध्ये वेगाचा आकडा कुणी उगाच वाढवलेला असायचा. त्याच्या हाताला तोड नव्हती, एवढं कबूल करतो.

पण बिघाड काय होता, हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. "तुले समजून काय कराचं हाय? मशीन चालू झाली ना?" तालुक्यातल्या बहुतेक मशीनच्या कंट्रोलच्या पेट्या त्यानंच बांधलेल्या, आणि आतल्या सगळ्या वायरी मुद्दाम काळ्या. बोर्डावर आयसी असतात, काळे चौकोनी तुकडे. त्यांच्या पाठीवर बारीक अक्षरात नंबर असतो आणि तो पाहूनच जळालेलीच्या जागी दुसरी आणता येते. अश्वजित ते नंबरच नाहीसे करायचा. डब्यातल्या सुट्या आयसींचेसुद्धा. कोणती कोणती ते फक्त त्याच्या डोक्यात. दुसऱ्या मेकॅनिकनं पेटी उघडली तर बिचाऱ्यानं नुसतं बघत बसावं.

खरवडायचं काम मात्र तो बायकोकडून करून घ्यायचा. पौर्णिमा दुपारी डबा घेऊन आली की हा तिच्यापुढे बोर्ड सरकवायचा. "घे, तुले एवढंच जमते." ब्लेड आणि पॉलिश पेपर घेऊन ती मुकाट्यानं घासत बसायची. सोल्डर करणं, आयसी काढणं हेही ती शिकली होती, कारण ते त्याला कंटाळवाणं वाटायचं. एकदा तिनं विचारलं, "हे आयसी काय करते वो?" गिऱ्हाइकांसमोर हा म्हणाला, "भाकर करते." सगळे हसले. तिनं पुन्हा काही विचारलं नाही.

सपना हे त्याचं पहिलं गिऱ्हाईक. पेटी घरी आली त्या दिवशी तिनं हौसेनं झाकण उघडून फोटो काढला आणि बहिणीला दाखवला. तेव्हा अश्वजितला हा खरवडायचा रोग लागला नव्हता. पुढे पेटी दुरुस्तीला आली आणि तिचेही नंबर गेले. गेल्या वर्षी, वारलेल्या आईच्या नावानं, तिनं विहारासाठी लाकडी धम्मचक्र कोरायला घेतलं. बुद्धजयंतीला ते लागायचं होतं. ऐन वेळी मशीन अडलं. तिनं आधी वाशिमच्या एकाला पेटी उघडून दाखवली, हे अश्वजितला कळलं, आणि झालं. ती दुकानात येऊन अक्षरशः रडली. "दादा, या ना एक डाव. मायच्या नावाचं काम हाय." हा म्हणाला, "मशीन सांभाळाची अक्कल नसन तं पोळपाट घे. ते सरकत नाई." गेला नाही. काम नव्हतं, दिवसभर दुकानात बसून होता, मी डोळ्यांनी पाहिलंय. विहारात शेवटी फ्लेक्स लागला. जुन्या फोटोची आठवण सपनाला जयंती होऊन गेल्यावर झाली. तो तिच्याच फोनवर बघून वाशिमच्या माणसानं मशीन लगेच चालू केलं, पण आता त्याचा उपयोग काय? पोळपाटाचा किस्सा अश्वजित चहाच्या टपरीवर रंगवून सांगायचा. मला त्याची किळस यायची.

दिवाळीनंतर त्याला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. त्याला सगळं समजतं, असं डॉक्टर म्हणाले, फक्त शब्द सापडत नाहीत. पौर्णिमानं दुकान उघडलं, त्याला खुर्चीत बसवलं आणि पहिलं काम घेतलं, इंझोरीच्या प्रेमसिंगची पेटी. हे काम जमलं तर दुकान तिचं, नाहीतर शटर बंद, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

जळालेली आयसी तिनं शोधली. पाठ गुळगुळीत, नंबर नाही. तिनं ती नवऱ्यापुढे धरली. त्यानं डाव्या हातानं डब्यातला एक कप्पा दाखवला. तिनं त्यातली आयसी बसवली आणि बोर्डातून धूर निघाला. चुकून की मुद्दाम, कुणास ठाऊक. अकोल्याच्या एका मेकॅनिकला विचारलं तर तो म्हणाला, पेटी फेका, नवी बसवा. मग लोकांनी पौर्णिमाकडे यायचं कशाला?

सपनाच्या फोटोचं मीच तिला सांगितलं. बोर्ड सगळ्या पेट्यांत एकच होता. तो फोटो मिळाला असता तर सगळा तालुका तिच्या हातात आला असता.

पौर्णिमानं बोलावल्यावर सपना आली. बसली नाही. फोन काढून फोटो मोठा केला आणि अश्वजितच्या डोळ्यांसमोर धरला. सगळे नंबर स्वच्छ दिसत होते.

"वहिनी, देतो मी फोटो," ती म्हणाली. "तुमच्याशी माहं भांडन नाई. फक्त खरं सांगा. माह्या पेटीचे नंबर यायनंच खरवडले ना?"

हो म्हण, बाई. मी मनात ओरडत होतो. खुर्चीतला माणूस काही बोलू शकत नव्हता.

"नाई वं," पौर्णिमा म्हणाली. "हे देत होते अन् मी खरवडत होती. सगळ्याईचे मीच खरवडले."

सपना तिच्या हातांकडे बघत राहिली. मग तिनं फोटो पुसला. पुसलेले फोटो जिथे जमा होतात तिथूनही काढून टाकला, आमच्यासमोर.

"खरवडतानी वाचाचा होता ना, वहिनी," म्हणाली आणि निघून गेली.

तेवढ्यात अश्वजित हसला. वाकड्या तोंडानं, घशातून आवाज काढत, खांदा हलेपर्यंत हसला. लकव्याच्या माणसाला उगाच हसू येतं, असं म्हणतात. मी त्याचे डोळे पाहिले आहेत, मला ते पटत नाही.

पौर्णिमानं पदरानं त्याची लाळ पुसली. मग फोन लावला.

"प्रेमसिंगभाऊ, पेटी घेऊन जा. माह्याच्यानं नाई होत."